शंभर यार्ड

खांदा आखडला होता तेव्हाची गोष्ट. आडवं झालं की हात कुणीतरी मागे मुरगळून धरल्यासारखा ठणकायचा, म्हणून मी दोन-अडीच महिने रात्री खुर्चीतच काढल्या. पुस्तक एका हातात पेलवेना, मालिका बघवेनात. एका रात्री कुणीतरी कधीचीच पाठवून ठेवलेली लिंक उघडली. अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स नावाची एक छोटी नदी आहे. तिच्यावर जेमतेम पुरुषभर उंचीचा धबधबा, आणि धबधब्यावर रोखलेला कॅमेरा. घरातले दिवे साडेदहाला मालवले जायचे तेव्हा तिथे सकाळचे नऊ वाजलेले असायचे.

पहिल्या रात्री जे अस्वल दिसलं ते काहीच करत नव्हतं. धबधब्याच्या पलीकडच्या अंगाला, फेसाळ पाण्यात छातीपर्यंत बुडून, मान खाली घालून ते बसलं होतं. बाकीची अस्वलं धावत होती, एकमेकांवर गुरगुरत होती, माशांवर झेप घेऊन पालथी पडत होती. हे आपलं बसलेलं. मधेच मान पाण्यात घालायचं आणि मासा तोंडात घेऊन वर यायचं. त्याचा क्रमांक 480 आणि नाव ओटिस, हे मला नंतर कळलं. त्याचे दोन सुळे गेलेले, बाकीचे दात झिजलेले. तरुणांशी मारामारी परवडत नाही म्हणून त्याने वाट बघण्यात प्रावीण्य मिळवलं होतं. तो जिथे बसतो त्या जागेला तिथले लोक ‘ओटिसचं ऑफिस’ म्हणतात.

मुलगी पाणी प्यायला उठायची आणि विचारायची, ‘‘आई, काय करतंय तुझं अस्वल?’’

‘‘बसलंय.’’

‘‘अजून?’’

अजून. मलाही दुसरं काही करायचं नव्हतं.

बघता बघता लक्षात आलं की त्या नदीवर आळशी कुणीच नाही. जून-जुलैत समुद्रातून अंडी घालायला सामन मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. हिवाळ्यातले पाच-सहा महिने अस्वलाच्या तोंडात घासही जाणार नसतो, त्याची सगळी तजवीज त्याआधी करायची असते. या दिवसांत मोठा नर रोज एक-दोन किलोने वाढू शकतो. मासे मुबलक झाले की अस्वलांच्या खाण्याची रीतच बदलते. सुरुवातीला डोक्यापासून शेपटीपर्यंत मासा फस्त करणारी अस्वलं नंतर निवडक होतात. पंजाखाली मासा दाबायचा, दातांनी कातडी एका ओढीत सोलायची, गाभोळी आणि मेंदू खायचा, उरलेला तांबडा मांसाचा तुकडा पाण्यात सोडून द्यायचा. त्यावर सीगल पक्ष्यांची झुंबड उडते. पहिल्यांदा बघताना मला ती नासाडी वाटली. पण सगळी चरबी कातडीत, गाभोळीत आणि मेंदूत असते. पोटात जागा मोजकी, दिवस मोजके. मग ती जागा नुसत्या मांसाने कशाला भरायची? चोख हिशेब आहे तो.

आणि सामन ही चैन फक्त किनाऱ्यावरच्या अस्वलांची. तपकिरी अस्वलाची जात एकच, पण संसार किती तऱ्हांचे! अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या आसपासच्या उंच उतारांवर उन्हाळ्यात पतंग दगडांच्या सांदीत दडतात. तिथलं अस्वल दगड उलथून दिवसाला चाळीस हजारांपर्यंत पतंग चाटून खातं. मंगोलियातल्या गोबी वाळवंटातलं अस्वल, ज्याला तिथे मझालाई म्हणतात, ते रानटी रेवंदचिनीची मुळं उकरून आणि काटेरी झुडपांची फळं खाऊन राहतं. गवत, मुंग्या, मेलेली हरणं, ओकची फळं, मध. अस्वल काय खातं या प्रश्नाचं खरं उत्तर ‘मिळेल ते’ असंच आहे. पुढचं सगळं दुःख या ‘मिळेल ते’मध्ये आहे, पण तिकडे नंतर येते.

आधी झोप. मी तेव्हा झोपेला पारखी झाले होते, म्हणून असेल, अस्वलाच्या झोपेबद्दल मिळेल ते वाचत सुटले. शीतनिद्रेत त्याचं हृदय मिनिटाला दहाच्या आसपास ठोक्यांवर येतं. शरीराचं तापमान मात्र काही अंशांनीच उतरतं. खाणं नाही, पिणं नाही, मलमूत्र नाही. जे युरिया आपण लघवीवाटे टाकून देतो ते त्याचं शरीर मोडून पुन्हा प्रथिनं बनवायला वापरतं. महिनोन्‌महिने न हलता पडून राहिलेल्या माणसाची हाडं ठिसूळ होतात, स्नायू वाळतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. अस्वल वसंतात उठतं आणि चालायला लागतं. रक्त न गोठण्यामागे एका विशिष्ट प्रथिनाचं प्रमाण झोपेत एकदम घसरणं हे कारण असल्याचं 2023 मध्ये संशोधकांनी मांडलं. त्यासाठी स्वीडनमधल्या जंगली अस्वलांचं रक्त हिवाळ्यात, गुहेत जाऊन काढलं होतं. झोपलेल्या अस्वलाच्या बिळात सुई घेऊन शिरणाऱ्या माणसाच्या घरचे त्या दिवशी काय म्हणाले असतील, असं आपलं उगाच मनात आलं.

पण मला सगळ्यात जास्त गुंगवलं ते बाळंतपणाने. मिलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं. फलित झालेला गर्भ मात्र रुजत नाही, काही महिने तसाच थांबून राहतो. शरद ऋतूत मादी पुरेशी लठ्ठ झाली असेल तर तो गर्भाशयात रुजतो. नसेल तर तो प्रश्न तिथेच मिटतो. जानेवारी-फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना, अंधाऱ्या बिळात पिल्लं जन्मतात. डोळे मिटलेली, अंगावर नावाला लव, वजन जेमतेम अर्धा किलो. आई स्वतः उपाशी आहे, पाण्याचा थेंबही घेत नाही, आणि अंगातल्या चरबीचं दूध करून पिल्लांना पाजते आहे. तिचा एक तृतीयांश देह त्यात जाऊ शकतो. म्हणजे ऑगस्टमध्ये तिने सोललेली माशाची कातडी फेब्रुवारीत पिल्लाच्या अंगावर चढते. एखाद्या मादीला शरदातले पंधरा-वीस दिवस कुणी नदीवरून हुसकून लावलं, तर कदाचित एक जन्म कमी होतो. आणि तो कमी झाला हे कुणाच्या नोंदीतही येत नाही.

उत्तरेकडच्या लोकांनी या प्राण्यापासून भाषेतसुद्धा अंतर राखलं होतं. आपला ‘ऋक्ष’, ग्रीकांचा ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमधला ‘उर्सुस’ ही एकाच मुळाची लेकरं. आकाशातल्या सप्तर्षींना ऋग्वेदात ऋक्ष म्हटलं आहे, आणि ग्रीकांनीही त्याच ताऱ्यांत अस्वल पाहिलं. पण ज्यांच्या जंगलात अस्वल रोज भेटायचं त्या जर्मॅनिक आणि स्लाव्ह बोलींमध्ये हा शब्दच उरला नाही. नाव घेतलं की ते येतं, या धाकाने ते टोपणनावावर आले असं भाषाभ्यासक मानतात. इंग्रजांचा ‘बेअर’ म्हणजे बहुधा नुसता ‘तपकिरी’. रशियनांचा ‘मेद्वेद’ म्हणजे मध खाणारा. ‘मधु’ आणि ‘अद्’, आपल्याला शब्दकोशाचीही गरज नाही. खरं नाव गिळून टाकण्याइतका धाक.

आता धाकाची जागा नियमाने घेतली आहे. यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या उद्यानांत अस्वलापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे एक्क्याण्णव मीटर दूर राहायचं असा नियम आहे. मला तो नियम आधी माणसाच्या जिवासाठीच आहे असं वाटायचं. मग 399 बद्दल वाचलं.

399 ही ग्रँड टीटनची मादी. जन्म 1996. संशोधनासाठी दिलेला हा क्रमांक पुढे कुठल्याही नावापेक्षा गाजला. ती रस्त्याच्या कडेला पिल्लं वाढवायची. 2020 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती चार पिल्लं घेऊन बिळातून बाहेर आली तेव्हा रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागल्या. तिला माणसांचा लळा आहे, असं लोकांनी ठरवून टाकलं. पण स्वीडनमधल्या अस्वलांच्या दीर्घकालीन अभ्यासातून वेगळंच दिसतं. परका नर पिल्लं मारतो, कारण पिल्लं गेली की मादी पुन्हा माजावर येते. मोठे नर माणसांच्या वस्तीपासून लांब राहतात. म्हणून पिल्लं असलेल्या माद्या माणसांच्या जवळ सरकतात. आपण त्यांना आडोसा म्हणून लागतो, कुंपण म्हणून. लळाबिळा आपल्या मनातला.

स्वीडनचीच आणखी एक गोष्ट. तिथे शिकारीला परवानगी आहे, पण पिल्लांसोबतची मादी मारायची नाही असा कायदा आहे. झालं काय, की पिल्लांना दीड वर्षात हाकलून देणाऱ्या माद्यांपेक्षा अडीच वर्षं जवळ ठेवणाऱ्या माद्या जास्त जगायला लागल्या. 2005 ते 2015 या दहा वर्षांत जास्तीचं एक वर्ष आईजवळ राहणाऱ्या पिल्लांचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. बंदुकीने आणि कायद्याच्या एका ओळीने अस्वलांचं बालपण वर्षाने लांबवलं. हे वाचून आनंद मानावा की अंगावर काटा यावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

399 ला 22 ऑक्टोबर 2024 च्या रात्री हमरस्त्यावर मोटारीची धडक बसली आणि ती मेली. अठ्ठावीस वर्षांची होती, सोबत दुसरं वर्ष संपत आलेलं पिल्लू होतं. चालक वेगात नव्हता. रात्र होती, रस्ता होता, ती आडवी आली. ज्या रस्त्याच्या आडोशाने तिने पिल्लांच्या पिढ्या वाढवल्या, तसल्याच एका रस्त्यावर संपली.

माणसाजवळ येण्याचं दुसरं कारण म्हणजे ते मघाचं ‘मिळेल ते’. याची गोष्ट सांगायची तर मी इटलीतल्या एका कुटुंबाची सांगते. ट्रेंटिनोच्या डोंगरांत अस्वलं संपत आली होती, तेव्हा 1999 ते 2002 या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वलं आणून सोडली. त्यांत युर्का नावाची मादी आणि योझे नावाचा नर होता. त्यांच्या पिल्लांना आईबापांच्या ‘J’ या आद्याक्षरांवरून नावं मिळाली: जेजे1, जेजे2, जेजे3, जेजे4. युर्काला गोठ्याजवळ, खुराड्याजवळ सहज खाणं मिळतं हे कळलं होतं. अस्वलाची पिल्लं आईच्या मागे मागे चालत, ती तोंड घालेल तिथे तोंड घालत शिकतात. युर्काचीही शिकली.

जेजे1 म्हणजे 2006 चा ब्रूनो. तो आल्प्स ओलांडून जर्मनीत बव्हेरियात उतरला. तिथे 170 वर्षांनी जंगली अस्वल आलं होतं. आधी स्वागत झालं. मग मेंढ्या, कोंबड्या आणि मधाच्या पेट्या गेल्या, तसं त्याचं नाव ‘समस्या अस्वल’ पडलं. फिनलंडहून माग काढणारी कुत्री आणली, त्यांनाही तो गवसला नाही. जूनच्या अखेरीस गोळी घातली. आता तो म्युनिकच्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. जेजे3 ला 2008 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गोळी घातली. युर्काला पकडून बंदिस्त केलं. आणि जेजे4 या त्यांच्या बहिणीने एप्रिल 2023 मध्ये जंगलात धावायला गेलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाला मारलं. तिच्यासोबत तेव्हा पिल्लं होती. ती पकडली गेली.

इथे अस्वलाची बाजू घेऊन चार वाक्यं लिहिणं सोपं आहे. मीही एकदा लिहिली आणि खोडली. माझ्या घरामागच्या वाटेवर असं काही होऊ शकत नाही, म्हणून तर मी रात्री अस्वलं बघत बसू शकते. त्या दरीतल्या आईबापांना अस्वल दहा हजार किलोमीटरवर नाही. दहा अस्वलांची शंभर झाली हे संवर्धनाचं मोठं यश, आणि ते यश त्यांच्या दारात येऊन उभं राहिलंय. प्राणी सोडताना डोंगर मोजले, अन्न मोजलं. कचऱ्याचे डबे, मधपेट्यांची कुंपणं आणि गावकऱ्यांचा विश्वास यांना तेवढ्याच काटेकोरपणे मोजलं असतं तर, हा ‘तर’ माझ्या मनातून जात नाही.

तिथून खाली, अब्रुझ्झोत, मार्सिकन नावाची वेगळी उपजात आहे. उरलेली अस्वलं पन्नास-साठ. अमारेना नावाच्या मादीने 2020 मध्ये चार पिल्लं एकदम वाढवली. एवढ्या थोड्यांत चार म्हणजे सणच. त्यांतलं एक, हुआन कारितो, गावात फिरायला लागलं, एकदा बेकरीत शिरून बिस्किटं खाऊन आलं. जगभर कौतुक झालं, मीही ते छायाचित्र पुढे पाठवलं होतं. पकडून लांब सोडलं तरी ते परत यायचं. जानेवारी 2023 मध्ये मोटारीखाली मेलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रात्री अमारेनाला एका माणसाने गोळी घातली. ती त्याच्या आवारात आली होती आणि आपण घाबरलो, असं तो म्हणाला. दोन लहान पिल्लं मागे राहिली.

एके काळी यलोस्टोनमध्ये अस्वलांना कचरा खाताना बघायला प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाकं होती. 1970 च्या सुमारास उकिरडे बंद केले, आणि पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाढलेली अस्वलं तळांवर, वस्त्यांवर गेली आणि मोठ्या संख्येने मारली गेली. 1975 मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. आज त्या टापूत सातशेच्या वर अस्वलं आहेत. ते सुधारलं ते कशाने, याचं उत्तर इतकं रुक्ष आहे की त्यावर कुणी माहितीपट काढणार नाही. अस्वलाच्या पंजाला उघडता येणार नाही अशी कडी असलेला कचऱ्याचा डबा. मधपेट्यांभोवती विजेची तार. झाडाखाली पडलेली फळं वेळेत उचलणं. कॅनडात बॅन्फमध्ये महामार्गावरून आणि खालून जनावरांसाठी 44 वाटा बांधल्या आहेत. वरच्या पुलांवर झाडं लावली आहेत. ग्रिझलींना, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलांना, त्यांवर भरवसा ठेवायला काही वर्षं लागली. मग माद्या पिल्लांना घेऊन जायला लागल्या.

जगातल्या सगळ्या तपकिरी अस्वलांची बेरीज दोन लाखांच्या आसपास होते. निम्म्याहून अधिक रशियात. या बेरजेवर जात ‘सुरक्षित’ ठरते, आणि मला ही बेरीज लबाड वाटते. गोबीतल्या चाळीसेक मझालाईंना सायबेरियातल्या लाखाचा काय उपयोग? कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आजही डौलात चालतंय, कॅलिफोर्नियात ते शंभर वर्षांपूर्वीच संपलं. उलट स्पेनच्या कांताब्रियन डोंगरांत 1973 मध्ये शिकार बंद झाली, नव्वदीच्या दशकात पन्नास-साठ अस्वलं उरली होती, ती आता साडेतीनशेच्या पुढे आहेत. हिमालयातलं तपकिरी अस्वल फार थोडं उरलंय. त्याच्या वाट्याला तर आणखी एक गंमत: 2017 मध्ये ‘यती’चे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी यांचे नऊ नमुने तपासले तर आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. गिलगिट-बाल्टिस्तानातल्या देवसाई पठारावर 1993 मध्ये उद्यान झालं तेव्हा मोजून एकोणीस होती. तिथे ती काही पटींनी वाढली आहेत. यतीला शोधायला जेवढे लोक गेले त्यांनी अस्वलच पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

खांदा बरा झाला, तरी मी कॅमेरा सोडला नाही. जुलै 2024 मध्ये 128 क्रमांकाच्या ग्रेझर या मादीची दोन पिल्लं धबधब्यावरून खाली वाहून आली. खाली 32 क्रमांकाचा मोठा नर होता, चंक. त्याने पिल्लांवर हल्ला केला. ती मधे पडली, त्याच्याहून कितीतरी लहान असून भिडली. एक पिल्लू वाचलं नाही. त्या रात्री मी चंकला मनात काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑक्टोबरमध्ये सगळ्यात लठ्ठ अस्वल निवडायची जी दरसालची गमतीची स्पर्धा असते, तिच्या अंतिम फेरीत तीच दोघं समोरासमोर आली आणि लोकांनी भरभरून मतं देऊन ग्रेझरला जिंकवलं. मीही मत दिलं. न्याय केल्यासारखं वाटलं. नदीवर त्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

पुढच्या वर्षी चंक दिसला तो मोडलेला जबडा घेऊन. खालचा ओठ लोंबत होता, मासा धरताना तोंड वाकडं व्हायचं. तरी त्याने खाल्लं आणि तो फुगला, आणि 2025 ची स्पर्धा त्याने जिंकली. मुलगी म्हणाली, ‘‘तुझा शत्रू जिंकला.’’ मी काही बोलले नाही. त्याला मत मीच दिलं होतं.

ओटिस 2024 च्या उन्हाळ्यात आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. कुणी मृतदेह पाहिला नाही. अस्वलं बहुतेक अशीच, नजरेआड संपतात. त्याच्या वयाच्या अस्वलाच्या बाबतीत काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. तरी कॅमेरा फिरत फिरत पलीकडच्या अंगाला गेला की माझी नजर तिथे जाते. पाणी, फेस, दगडावर दोन सीगल. कधी एखादं तरुण अस्वल तिथे येतं, दोन मिनिटं उभं राहतं, मासा लगेच मिळत नाही म्हणून कंटाळून निघून जातं.

‘‘आलं का?’’ आतून आवाज येतो.

‘‘नाही.’’

‘‘मग काय बघतेस?’’

‘‘जागा.’’

ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर येते, खुर्चीच्या हातावर टेकते, आणि आम्ही दोघी थोडा वेळ ते पाणी बघतो.